दाजी न बोलता गेले

सकाळपासून झेफरिनने चहाचे आधण तीन वेळा ठेवले होते आणि तिन्ही वेळा ते तसेच आटू देऊन तो खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. खिडकीतून तळे दिसत होते. तळ्यापलीकडे, पश्चिमेला, टेकड्या दिसायला हव्या होत्या. पण ढग इतके खाली उतरले होते की टेकड्यांच्या जागी नुसती राखाडी भिंत उभी होती. सकाळी सात वाजता त्या भिंतीत तीन बर्फगाड्या आणि सहा माणसे शिरली होती. ती त्याच्या शब्दावर गेली होती.

मार्चचा शेवटचा आठवडा होता आणि थंडी हवी तशी नव्हती. मंगळवारी दुपारी दक्षिणेचा वारा सुटला, तो अजून थांबला नव्हता. दिवसा छपरावरून पाणी ठिबकत होते आणि संध्याकाळी त्याच पाण्याचे दात बनून पागोळ्यांना लटकत होते. ढगांमुळे विमान येऊ शकत नव्हते. आज गुरुवार. झेफरिनच्या थोरल्या बहिणीचा नवरा, बहात्तर वर्षांचा मोडेस्ट, सोमवारी पहाटे बर्फगाडी घेऊन गेला होता, आणि तो न बोलता गेला होता.

त्या न बोलण्यावरच सगळे ठरले होते.

उत्तरेच्या बर्फातल्या देने जमातीचा माणूस शिकारीला निघताना कशासाठी निघालो हे सांगत नाही. सांगणे म्हणजे बढाई, आणि बढाई जनावराच्या कानावर जाते. पण न सांगण्याचेही प्रकार असतात, आणि ते घराघरांत कळतात. ‘जाळी बघून येतो’ म्हटले तर ते मासे. मासे कुणाचे ऐकत नाहीत, त्यांचे नाव खुशाल घ्यावे. ‘जरा तिकडे बघून येतो’ म्हटले तर मूस, ते घोड्याएवढे हरीण. आणि माणूस काहीच न बोलता, चहा अर्धा ठेवून बाहेर पडला, तर मागे राहिलेल्या बायका दार आवाज न करता लावून घेतात. तो त्याच्याकडे गेलेला असतो, ज्याचे नाव तो हिवाळाभर बिळात झोपलेला असला तरी घेत नाहीत. झोपलेले अस्वल घरातले बोलणे ऐकते.

अस्वलांची बिळे पश्चिमेच्या टेकड्यांत होती. म्हणून काल दुपारी, मोडेस्टला तीन दिवस होत आले तेव्हा, झेफरिनने बहिणीच्या दारात उभे राहून चौकशी केली होती.

“ताई, दाजी जाताना काय म्हणाले?”

“काहीच नाही,” युजेनी म्हणाली.

“काहीच?”

“चहासुद्धा अर्धा ठेवून गेले.”

“बंदूक?”

“नेली. कुऱ्हाडही नेली. आत ये की. दारात उभा राहून काय विचारतोस, शिरगणतीवाल्यासारखा?”

“नको. बूट ओले आहेत.”

बूट ओले नव्हते. तिथूनच तो सभागृहात गेला. शोधाचे काम मोडेस्टचीच मुलगी कोरिन पाहत होती. झेफरिनने खिशातली वही काढून तिला वाचून दाखवले: बंदूक आहे, कुऱ्हाड आहे, शब्द नाही, म्हणजे पश्चिम. दक्षिणेच्या तंत्रविद्यालयात तो डिझेल इंजिने शिकला होता आणि एकतीस वर्षे त्याने गावाचे वीजघर चालवले होते. त्याने वाचून दाखवलेल्या गोष्टीवर गावात कुणी शंका घेत नसे. गावाभोवती बर्फगाड्यांचे माग इतके एकमेकांत गुंतलेले होते की मागावरून दिशा काढणे शक्यच नव्हते. कोरिनने मान हलवली आणि सकाळसाठी माणसे निवडायला घेतली.

आता अकरा वाजून गेले होते. झेफरिनने कोट चढवला, काढला, पुन्हा चढवला. वीजघराचा सूर नेहमीसारखा लागला होता तरी तो थांबून ऐकत राहिला, जणू त्यात कुठेतरी एक झडप चुकीच्या वेळी उघडत होती. इंजिन बिघडायच्या आधी असे वाटते, हे त्याला ठाऊक होते. बिघाड कुठे आहे ते मात्र सापडत नव्हते.

खरे तर सापडत होते. तो तिकडे पाहत नव्हता.

पाच आठवड्यांपूर्वी सभागृहात हातखेळाची रात्र होती. दोन रांगा समोरासमोर बसल्या होत्या, मुठीत खडा लपवायचा, समोरच्याने ओळखायचा, आणि मागे डफ घुमत होते. झेफरिन घाम पुसायला उठला आणि डफ बाकावर ठेवून त्याने वर कोट टाकला. मोडेस्ट आला, पाहिले न पाहिले, आणि आपल्या सगळ्या वजनानिशी बसला. भूर्जाच्या लाकडाचे ते कडे तीन ठिकाणी मोडले. सगळे सभागृह हसले. मेहुणे-मेहुणे एकमेकांची टर उडवण्यासाठीच असतात, आणि या दोघांनी चाळीस वर्षे गावाला हसवले होते. मोडेस्टही हसत होता. “मेव्हण्या, आवाज तर चांगला आला,” असे तो म्हणाला, आणि आता झेफरिन काहीतरी याहून तिखट बोलणार म्हणून लोक वाट पाहत होते.

झेफरिन म्हणाला, “माझ्या बापाचा डफ होता तो. तुमचा कोण होता तो?”

मोडेस्टचे आईबाप तो चार वर्षांचा असताना एका हिवाळ्यात खोकून गेले. त्याला झेफरिनच्या बापाने घरात घेतले आणि अठरा वर्षे आपल्या ताटातले दिले. मोडेस्ट त्याला बाबा म्हणत असे. सभागृहातले हसू विझले. मोडेस्ट उठला, कड्याचे तुकडे गोळा करून काखेत धरले आणि गेला. त्यानंतर पाच आठवडे त्याने मेहुण्याची एकदाही टर उडवली नाही. दुकानात भेटला तर “बरं आहे ना?” विचारत असे. असे विचारणे झेफरिनला शिवीपेक्षा झोंबत होते.

म्हणून काल त्याचे बूट ओले होते.

साडेअकराला तो पुन्हा बहिणीच्या दारात होता. या वेळी युजेनीने काही विचारले नाही. ती ओट्याकडे वळली. टेबलावर जाड रोट्यांची चळत उभी होती, पंचवीस तरी असतील, आणि ती अजून पीठ मळत होती. नवऱ्याबद्दलची भीती तिने तोंडावाटे बाहेर काढली नव्हती आणि काढणारही नव्हती. भीतीला नाव दिले की ती घर ओळखून येते.

“एवढ्या कुणाला?” झेफरिनने विचारले.

“येतील त्यांना. तू येरझारा घालणार असशील तर बाहेर घाल. माझी जमीन झिजते.”

“ताई, दाजी महिनाभर काय करत होते?”

“शेडमध्ये बसत होते.”

“काय करत?”

“मला काय ठाऊक? आतून कडी लावून. विचारलं तर म्हणायचे, गाडी दुरुस्त करतोय. गाडी बाहेर अंगणात उभी!”

झेफरिनचे पाय थांबले. “हे काल का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस का?” युजेनीने पिठाचे हात कमरेवर ठेवले. “तू बंदूक विचारलीस, कुऱ्हाड विचारलीस. माणूस कसा होता ते विचारलंच नाहीस. आत ये म्हटलं तर तुझे बूट ओले.”

शेडचे दार बाहेरून नुसते ओढलेले होते. आत रॉकेलचा आणि ओल्या कातड्याचा वास होता. कोपऱ्यात टबात कॅरिबू हरणाचे कातडे भिजत घातले होते, केस खरवडून स्वच्छ केलेले, कागदासारखे पातळ. फळीवर त्याच्या बापाच्या डफाचे मोडके कडे तुकडा तुकड्याला लावून मांडले होते आणि त्याच्याभोवती कोळशाने गोल रेघ काढली होती. रेघ दोनदा पुसून पुन्हा काढलेली दिसत होती. खाली जमिनीवर भूर्जाच्या तीन पट्ट्या पडल्या होत्या. तिन्ही वाकवताना मध्येच तडकल्या होत्या. झेफरिनने एक उचलून नखाने दाबली. जुने, सुकलेले लाकूड. असे लाकूड वाकत नाही, हे त्याला बापाने सांगितले होते, आणि तेव्हा मोडेस्टही तिथेच उभा होता.

भिंतीवरच्या खिळ्यावरून लाकूड तासायची वाकडी सुरी गेली होती. कुत्र्यांचे मासे उकडायचे मोठे लांबट भांडे, ज्यात लाकडाची पट्टी उकळून वाकवता येते, तेही जागेवर नव्हते.

भांडे घेऊन कुणी अस्वलाकडे जात नाही.

तो फळीला धरून उभा राहिला. एकतीस वर्षांत इंजिनातल्या तेलाची पातळी दाखवणारी कांडी स्वतः ओढून पाहिल्याशिवाय त्याने नोंदवहीत सही केली नव्हती. नव्या पोरांना तो हेच पहिल्या दिवशी शिकवत असे. आणि काल त्याने दारातून सही केली होती.

सभागृहात कोरिन रेडिओपाशी बसली होती. भिंतीकडेच्या बाकांवर म्हातारी माणसे आणि काही बायका चहा घेत होत्या. झेफरिनला वाटले होते, तिला बाजूला बोलवावे. पण गेल्या खेपेला जे बोलणे झाले ते सगळ्यांदेखत झाले होते.

“कोरिन, ती गाडीवाली पोरं परत बोलव. माझं चुकलं.”

“काय चुकलं, मामा?”

“तुझे बाबा तिकडे नाहीत. भूर्ज तोडायला पूर्वेला गेलेत. माझ्या बापाची जागा आहे, लांब तळ्याच्या टोकाला. माझ्यासाठी डफाचं कडं करायला गेलेत.”

बाकावरचे पेले थांबले. कोरिनने त्याच्याकडे टक लावून पाहिले. तिचे डोळे दोन रात्री न झोपलेले होते.

“सहा माणसं, तीन गाड्या, आणि अर्धा दिवस,” ती हळू म्हणाली. “तुम्ही शेड बघितली नव्हती?”

“नाही. आत जायची लाज वाटली.”

मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, “चला, इंजिनाला वाचा फुटली एकदाची.” दोघी-तिघी हसल्या, पण ते हसणे मऊ होते. कोरिन उठली. रेडिओ तिने शेजारच्या बाईकडे सोपवला आणि दुसरा, छोटा, स्वतःच्या खिशात घातला.

“ती जागा ठाऊक कुणाला आहे?”

“मला. आणि त्यांना.”

“मग तुम्ही पुढे, मी मागे. पेट्रोल घ्या.”

पूर्वेची वाट लांब तळ्यावरून जात होती. कोरिनच्या गाडीमागे घसरगाडी होती. तिच्यात अस्वलाचे जुने कातडे, तंबू आणि युजेनीने कोंबलेल्या दहा रोट्या. झेफरिन पुढे उभा राहून चालवत होता, कारण त्याला बसवत नव्हते. तो मनात वाक्ये जुळवत होता. ‘दाजी, त्या दिवशी मी जे बोललो’ असे एक वाक्य होते. ते फार लांब होत होते. ‘बाबा तुमचेही होते’ हे दुसरे होते. ते बरे होते, पण ते म्हणताना कुठे पाहावे हे त्याला ठरवता येत नव्हते. आणि या दोन्ही वाक्यांच्या खाली एक तिसरे होते, की ऐकायला कुणी नसेल तर ही वाक्ये कुठे ठेवायची. ते तो गाडीचा आवाज वाढवून दाबत होता.

खिंडीशी, जिथे तळे अरुंद होते आणि खालून प्रवाह वाहतो, तो थांबला. बर्फ वरून पांढरे, निष्पाप दिसत होते. त्याने लोखंडी काठी टोचली. हातभर भुसभुशीत बर्फाखाली काठी पाण्यात शिरली, आणि त्याखाली मग खरा थर ठक्क वाजला. उबदार वाऱ्याने पाणी थरावर चढले होते. पाण्याला नैवेद्य म्हणून दोघांनी चिमूटभर तंबाखू काठीच्या भोकात सोडली. मग कोरिनने हात लांब केला.

“मामा. ते बघा.”

किनाऱ्यापासून तीसेक पावलांवर मोडेस्टची बर्फगाडी नाक वर करून रुतली होती. मागचा भाग पाण्यात गोठून गेला होता. झेफरिन घाईने निघाला तशी कोरिनने त्याची बाही धरली. “काठीने बघत चला. तुम्हीच शिकवलंत.” तो काठीने बघत गेला. गाडीवर कुणी नव्हते. बंदूक नव्हती, भांडे नव्हते. गाडीपासून पावलांचा माग पूर्वेला, मागे फिरून गेला होता: एक पाऊल खोल, एक उथळ, आणि शेजारी काठीची भोके. आणि त्या सगळ्याच्या बाजूने एक सलग ओढल्याचा चर होता.

“हे काय ओढत नेलंय?” कोरिनने विचारले. “भांडं?”

झेफरिन वाकला. चरात पांढऱ्या सालीचे पातळ पापुद्रे पडले होते.

“लाकूड,” तो म्हणाला. “पाय मोडलाय, बूट पाण्याने भरलेत, आणि माणूस लाकूड सोडत नाही.” त्याला राग आला होता. इतका राग त्याला डफ मोडला तेव्हाही आला नव्हता.

बापाची झोपडी खिंडीपासून कोसभर होती. स्प्रूसच्या झाडांच्या दाटीतून तिचे छप्पर दिसले तेव्हा दोघांनी एकदमच धुराड्याकडे पाहिले. धूर नव्हता. कोरिनने गाडी बंद केली. झेफरिनही थांबला, आणि त्या शांततेत वारा, स्प्रूसवरून गळणारे पाणी आणि त्याच्या स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येईना. मग धुराड्यातून हवा थरथरली. उष्णतेने थरथरते तशी. कोरड्या लाकडाचा मंद विस्तव असला की धूर दिसत नाही, नुसती हवा हलते.

दार कोरिनने ढकलले.

मोडेस्ट फळ्यांच्या खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही पाय कांबळ्यात गुंडाळलेले, चेहरा राखेसारखा, ओठ फुटलेले. शेगडीवर लांबट भांड्यात पाणी वाफाळत होते. कोरिन “बाबा” म्हणाली आणि त्याच्या पायांशी बसून कांबळे सोडू लागली. डाव्या पायाची तीन बोटे काळीनिळी पडली होती, आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला होता.

“बघू नकोस,” मोडेस्ट तिला म्हणाला. “आईला किती सांगायचं ते आधी ठरव.”

“आईने पंचवीस रोट्या केल्यात. तिला सगळं कळलंय.” कोरिनने डोळे पुसले. “मी उंचावर जाऊन रेडिओ लावते. पोरांना इकडे वळवायला हवं. मामा, त्यांना चहा द्या. गोड. आणि पाय शेगडीजवळ नेऊ देऊ नका.”

ती गेली. झेफरिन दाराशी उभा होता. त्याने चहा केला, साखर घातली, पेला मोडेस्टच्या हातात दिला. मोडेस्टने तो दोन्ही हातांनी धरून घोट घेतला.

“बरं आहे ना?” मोडेस्टने विचारले.

तेच वाक्य. दुकानातले. झेफरिनने जुळवलेली वाक्ये शोधली. ती खिंडीतच कुठेतरी पाण्यात पडली असावीत. त्याने शेगडीत लाकूड घातले. दार उघडून बाहेर पाहिले, लावले. भांड्यात आणखी बर्फ टाकले. खिडकीशी गेला, खिडकीला काच नव्हती, तेलकट कातडे ताणलेले होते, त्यातून काहीच दिसत नव्हते, तरी तो पाहत राहिला. मग पुन्हा शेगडी. झोपडी चार पावले लांब होती आणि तो ती चार पावले मोजत होता.

“पोरांना मी पश्चिमेला पाठवलं,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “त्याच्याकडे. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून.”

मोडेस्टने कांबळे पायांवर ओढून घेतले. “मी आणि या वयात त्याच्याकडे?” तो म्हणाला. “मला बघून तोच उठून पळाला असता.” पण हे तो हसून म्हणाला नाही. जणू जुना रस्ता आहे का, हे काठी टोचून पाहत होता.

“मग सांगून का नाही गेलात?”

“काय सांगू? जमलं नसतं तर?” मोडेस्टने पेल्यात पाहिले. “तीन पट्ट्या मोडल्या माझ्या हातून. बाबांच्या हातून एकही मोडत नसे.”

झेफरिनने शेगडीत आणखी एक ढलपा टाकला. “सुकलेलं लाकूड होतं ते. बाबांनी आपल्याला सांगितलं होतं.”

‘आपल्याला’ हा शब्द खोलीत राहिला. मोडेस्टने मान खाली घातली आणि चहाचा शेवटचा घोट घेतला. झेफरिन पुन्हा दाराकडे गेला, पुन्हा परतला. सकाळपासून येरझारा घालणारे त्याचे पाय आता दमले होते. एकोणसत्तर वर्षांचे पाय. कोटाची गुंडी सोडत तो भिंतीकडेच्या बाकाशी आला. बाकावर कांबळ्याचा एक गोळा पडला होता. त्याने गुडघे वाकवले.

“अरे, बघून बस!”

मोडेस्ट खाटेवरून अर्धा उठला होता, सुजल्या पायासकट, पेला हातातून निसटून जमिनीवर गडगडत गेला होता. झेफरिन अर्ध्यातच थांबला, गुडघे वाकलेले, हात हवेत. मग तो सावकाश वळला आणि त्याने कांबळे उचलले. खाली भूर्जाचे कोवळे पांढरे कडे होते, अजून ओलसर, टोके कॅरिबूच्या वादीने आवळून बांधलेली. एका बाजूला ते जरा फुगले होते. बापाने ते परत वाकवायला लावले असते.

“तीन दिवस,” मोडेस्ट ओरडत होता, “तीन दिवस झाले, बोटं गेली माझी, गाडी गेली, आणि हा येऊन त्याच्यावर बसतोय! बापाने शिकवलं नाही का तुला, कुठे बसावं ते?”

“नाही,” झेफरिन म्हणाला. “तुम्हाला शिकवताना दमले ते.”

मोडेस्टच्या तोंडून एक आवाज निघाला, खोकल्यासारखा, आणि मग तो हसू लागला. पोट धरून, फुटलेल्या ओठांतून रक्त येईपर्यंत. बाहेर उंचवट्यावरून रेडिओत ओरडणारी कोरिन ऐकून धावत आली आणि तिने दार ढकलले. तिचा बाप खाटेवर आडवा पडून डोळे पुसत होता, आणि तिचा मामा, कडे दोन्ही हातांनी छातीशी धरून, बाकाच्या अगदी टोकाशी बसला होता.